धाकट्याचा डोळा

३ मार्च

आले एकदाची. हूनानमधून निघताना अंगावर दोन स्वेटर होते, इथे दक्षिणेच्या हाइनान बेटावर बसमध्येच घामाघूम झाले. केंद्र म्हणजे चार खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि नजर पोचेल तिथपर्यंत भातशेती. माझ्या खोलीत पाली बऱ्याच आहेत, पण त्या आपापलं बघतात, मी माझं बघते. आईने मिरच्यांची बरणी दिलीय, त्यामुळे इथल्या फिक्या जेवणाची धास्ती नाही.

केंद्रप्रमुख ओउयांग साहेबांनी माझ्या स्वागताला रेडा शिजवला होता. माणूस हसरा आहे, बोलका आहे. त्यांनी खास माझ्या वाडग्यात रेड्याचा डोळा वाढला. ज्या अवयवाला बळ हवं तोच अवयव खावा, हे आमच्यात घरोघरी मानतात. परीक्षेआधी आई मला डुकराचा मेंदू खाऊ घालायची. साहेब म्हणाले, तान, दिवसभर भिंगाला डोळा लावायचाय तर हा घ्याच. मी जरा आढेवेढे घेतले आणि गिळून टाकला. मजूर बायकांनी एकदम जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. लाजल्या असतील.

७ मार्च

काम आवडलं. शेतात एकाआड एक ओळी, वांझ भाताच्या आणि नर भाताच्या. वांझ भाताच्या परागकोशाला आतून एक अस्तर असतं, सगळ्याच भाताला असतं. त्याचं काम परागांना पोसायचं आणि ते पिकले की स्वतः विरघळून जायचं. वांझ ओळीत हे अस्तर वेळेआधीच मरतं, पराग उपाशी राहतात. म्हणून त्या ओळीला नराचा पराग बाहेरून द्यावा लागतो. मी रोज परागकोश फोडून आयोडीन घालते, सुपीक पराग त्यात काळा पडतो, आणि वांझ खरोखर वांझ आहे ना, ते बघते. एक जरी सुपीक निघाला तरी हंगामाचं बियाणं वाया जाईल आणि माझी नोकरीही.

भर दुपारी फुलं उघडतात. तेव्हा दोघी दोन बांधांवर उभ्या राहतात, मध्ये लांब दोर ताणतात आणि चालत जातात. नराची कणसं हलतात, पिवळा धूर उठतो, वांझ ओळीवर बसतो. माझ्या समोरच्या टोकाला फू आजी असते. इथल्या ली जमातीतली म्हातारी, कपाळभर सुरकुत्या, तोंडात सुपारी. माझ्याशी बोलत नाही. आपलं काय चुकलं कोण जाणे.

११ मार्च

कळलं काय चुकलं. तो रेडा फू आजीचा होता. तिला मूलबाळ नाही, नवरा गेला. रेड्याची आई व्याली आणि मेली, तेव्हा हिने त्याला पेज पाजून वाढवला. नाव धाकट्या. गावच्या फुललेल्या भातातून लोळत तो आमच्या वांझ ओळींत शिरला, अंगाला परका पराग घेऊन. साहेबांनी त्याला डबक्याच्या काठी बांधून तिच्या डोळ्यांदेखत मारला. तिने पुरायला निदान डोकं मागितलं. त्यांनी डोळा माझ्या वाडग्यात घातला.

आणि आमचा दोर म्हणजे धाकट्याचाच कासरा, जोड देऊन लांब केलेला. साहेब तो रोज मुद्दाम तिच्याच हातात देतात. आजही बांधावरून ओरडले, "वांझ ओळीला वांझ बाईच बरी. धर नीट, म्हातारे." आणि स्वतःच हसले. मला इतकी चीड आली की कानशिलं तापली.

संध्याकाळी तिच्या झोपडीत माफी मागायला गेले. तिने मला चहा दिला. माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिली.

"तुझ्यावर राग नाही, मुली," ती म्हणाली. "मी मातीत पेरणार होते त्याला. तू पोटात पेरलास."

१५ मार्च

वीज गेली होती, तरी मी वाचत होते. वीज गेलीय हे मला शेजारच्या खोलीतून साहेब ओरडले तेव्हा कळलं.

केंद्रातल्या सगळ्यांचा फ्लॅश मारून फोटो काढला. सगळे ठीक आलेत. माझे डोळे हिरवेनिळे, गाडीच्या दिव्यात गुरांचे दिसतात तसे. गुरांच्या डोळ्यामागेही एक अस्तर असतं, आत आलेला उजेड ते परत पाठवतं. आमच्या भाषेत परागकोशातल्या आणि या, दोन्ही अस्तरांना घोंगडीचंच नाव आहे. माणसाच्या डोळ्यात ते नसतं. साहेब म्हणाले, वा, खाल्लेलं लागलं म्हणायचं.

१८ मार्च

परागकोशाचा आडवा छेद बघत होते. चार खण, चारही कडांनी चमकत होते. यंत्राचा दिवा बंद केला. तरी चमकत होते. मग मी डोळे मिटून उघडले तेव्हा लक्षात आलं की उजेड माझ्याकडून जातोय.

उन्हात डोळे उघडवत नाहीत. मिरची बेचव लागते. दुपारी बांधावर उभी होते, तोंडात काहीतरी होतं. गवत. कधी उपटलं आठवत नाही.

२० मार्च

दोराला हात लावला की नाकाच्या मधल्या पडद्यात कळ येते. आज रक्त आलं, वेसण टोचतात बरोबर तिथे.

साहेबांचा आवाज आला की मान आपोआप खाली जाते. घाबरून नाही. धडक द्यायला जाते तशी.

आजीला म्हटलं, काढ हे माझ्यातून. ती म्हणाली की तिने काही घातलेलंच नाही, तर काढणार काय.

२१ मार्च

राजीनामा दिला. साहेबांनी फाडला. मजूर येईनासे झालेत, आजीही नाही आली. फुलोरा ऐन भरात. उद्या दुपारी दोर ते स्वतः ओढणार, माझ्याबरोबर. त्यांना सांगितलं, माझ्यासमोर उभे राहू नका. खरंच सांगितलं. हसले.

कुठलाही दोर ते मनगटाला दोन वेढे देऊन धरतात. नेहमीच. हात कातरेल म्हणून बायका किती वेळा म्हणाल्या —

पहाटे

कळलं. मी अस्तर आहे. आत तो पिकतोय आणि माझ्यावर पोसला जातोय — आईचा चेहरा आठवत नाही. पेजेची चव आठवते. डबक्याकाठचा खुंटा आठवतो, आणि साहेबांचे बूट, खालून —

पिकलं की अस्तर विरघळतं.

सकाळची बस आहे. अजून मी आहे. मी जाऊ शकते.

२२ मार्च, दुपार

बस गेली. आवाज ऐकला. उठले नाही.

फुलं उघडलीत. साहेब पलीकडच्या बांधावरून हाका मारताहेत. "तान, ये पोरी, धाकट्याचा कासरा वाट बघतोय —"

त्यांनी मनगटाला वेढे दिलेत. दोन. मला फक्त चालायचंय. ओळींतून नाही, डबक्याकडे. तिथे चिखल खोल आहे —

बोटं नीट मिटत नाहीत. अक्षर —

कुणी वाचलं तर म्हणायचं होतं, यातलं काही माझं नव्हतं. त्याचं होतं सगळं. पण खोटं कशाला लिहू. दोर सोडून देण्याइतकी मी अजून आहे, आणि सोडणार नाही, कारण मलाही ते हवं —