नाना पास झाले

नाना, तरी तुम्ही त्या सरांपुढं हात जोडलेतच. कडक इस्त्रीचा शर्ट दिसला की तुमचे हात आपोआप वर जायचे. मेथीची जुडी बांधायची, सोडायची, परत बांधायची, सकाळभर तुमचं तेच. माझं नाव आठवत नव्हतं, पण नमस्कार बरोबर ध्यानात. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

कॉलेजातले मोठे सर ते. म्हातारपणी माणूस विसरतो कसा, यावर त्यांचा अभ्यास, आणि त्याला बाहेरून भलं मोठं अनुदान आलेलं. त्यांचे विद्यार्थी फायली घेऊन आपल्या मखमलाबादच्या मळ्यात आले, तुम्हाला तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. तुम्ही कोथिंबिरीचा भाव सांगितलात. महिन्यानं परत येतो म्हणाले. आईला वाटलं, आता औषध मिळणार. मग काय, पोरीला बघायला पाहुणे यावेत तशी तयारी! दाढी करवली, धुतलेलं धोतर नेसवलं आणि महिनाभर तेच शब्द घोकून घेतले. "आवं, नीट सांगा, नायतर मानसं माघारी जातील." आंबा, खुर्ची, रुपया. त्या दिवशी तुम्ही घडाघडा म्हणून दाखवलंत. "आजोबा एकदम ठणठणीत," म्हणून त्यांनी टिक मारली आणि तुमचं नाव अभ्यासातून काढलं. ते फाटकापर्यंत पोचले नसतील, तोवर तुम्ही आईला विचारताय, "वऱ्हाड जेवलं का?" त्या शिकलेल्या बैलांनी दोन मिनिटं थांबून एवढं तरी ऐकायचं.

मग त्याच अनुदानातून उभ्या राहिलेल्या सरांच्या केंद्राचं उद्घाटन. खुर्च्या भरायला मळ्यांतले म्हातारे टेम्पोत घालून नेले. सर माइकवर सांगतायत, हा निधी औषधाचा नाही, संशोधनाचं नेतृत्व घडवायचा आहे. मी दहा प्राध्यापक तयार करीन, ते आणखी दहा करतील. आई माझ्या कानात म्हणाली, "घडलेला मानूस मोडत चाललाय, आन हे नवीन घडवत्यात." टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात, वर जाऊन हात जोडलेत, आणि सरांनी ते धरून फोटो काढून घेतला. मी आडवा जाऊन विचारलं, औषध कधी? तर म्हणे, "बाळा, आधी क्षमता तर उभी राहू दे." त्यांची क्षमता उभी राहीपर्यंत तुम्ही गेलात.

मी शाळा सोडलेलीच होती, गावही सोडलं. तीन कामं बदलून आता जामनगरला वेल्डिंग करतोय. परवा ताईचा फोन आला. आई रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहते, तुम्ही बाजारातून आला नाहीत म्हणून. एक मॅडम घरी येऊन गेल्या. आईशेजारी बसून लसूण सोलत दोन तास बोलल्या, मग ताईला बाजूला घेऊन सगळं विचारलं. नाशकात त्या एक केंद्र चालवतात, तिथं असल्या माणसांना दिवसभर सांभाळतात, घरच्यांना शिकवतातही.

"कुठल्या गं मॅडम?"

"सरांच्या हाताखालच्या. त्या दहातल्याच."

मी फोन ठेवून दिला. त्या माणसाला मी अजून एक शब्द बरा बोलणार नाही. पण मॅडम गेल्यावर आई त्या रात्री शांत झोपली, असं ताई म्हणाली, आणि ताई खोटं बोलत नाही. हे मी तुम्हाला सोडून कुणाला सांगणार नाही, आणि तुम्हाला तर पत्र पोचत नाही. आईसाठी मॅडमच्या केंद्राची महिन्याची फी आणि रिक्षा धरून ताईला बाराशे रुपये पाठवतोय.