शुक्रवारचे ओंडके

अवीव,

उठलास की आधी न्हाणीमागे जाऊन बघ. मी बाजूला काढून ठेवलेले बाभळीचे पाचही जाडे ओंडके तू काल फोडून त्यांच्या ढलप्या केल्यास. तुला कोणी सांगितलं होतं? ते शुक्रवारचे होते. दिवस मावळायच्या आत चुलीत सारले की रात्रभर धुमसतात, आणि शनिवारी विस्तव न पेटवता आईच्या गुडघ्यांना ऊन पाणी मिळतं. चार वर्षं इस्राएलला राहून आलास आणि शनिवारी विस्तव पेटवायचा नाही हा शब्बाथचा नेमच विसरलास? तुझ्या ढलप्या तासाभरात राख होतील.

मी स्कूटर घेऊन शिरढोणच्या वखारीत जाते आहे. पायाशी दोन ओंडके मावतील. दिवे लावायच्या आत येईन. कुऱ्हाडीला हात लावू नकोस. हंडा तेवढा भरून ठेव, ते जमेल तुला.

अकरा वर्षं या घरात लाकडं मी फोडते. काल तू व्हिडिओसाठी दोन तास फोडलीस, आणि आज सकाळी आई मला विचारते, "अवीव परत गेला की लाकडं कोण फोडणार गं?"

ताई