न्हाणीघराजवळचा दुर्मिळ पक्षी

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. कमरेचं हाड कुठवर जुळलं? काठी हातात असते की काठी कोपऱ्यात आणि तुम्ही स्टुलावर? (खरं सांगू नका, मला झोप लागायची नाही.) तिसऱ्या मजल्यावर एकटीनं किती दिवस रेटणार, असं विचारलं की तुम्ही लगेच पक्ष्यांवर येता, म्हणून मीही पक्ष्यांवरच येते.

दर वसंतात उत्तरेला निघालेले पाखरांचे थवे आमच्या परसात चार दिवस टेकतात आणि त्यांच्या मागोमाग तुम्ही. यंदा पाखरं आली, तुम्ही नाही, आणि बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून माझं बूड म्हणून टेकत नाही. शिलाईला बसावं तर कुंपणात पान हलतं, धावत जावं तर पानच असतं. शाळेच्या बाईंच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. परवा पिवळा वटवट्या समजून ज्याच्यासमोर श्वास रोखून उभी होते, तो शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा वाळत घातलेला मोजा निघाला. (तेच खिडकीत आले आणि म्हणाले, "वहिनी, दाढ दुखतेय का?" माझा आ वासलेला होता ना!)

आता मुख्य गोष्ट. रविवारी मी फोन खिडकीबाहेर धरला, तिकडून तुम्ही शीळ घातलीत आणि झुडपातून हुबेहूब उत्तर आलं. "अगं, निळ्या गळ्याचा! कित्येक वर्षांनी आला गं!" तुम्ही हसत होतात की रडत, मला कळेना. वन्सं, त्या झुडपामागे आमच्या न्हाणीघराची खिडकी आहे. आत तुमचे बंधू दाढी करत होते.

मी त्यांना विचारलं, ही शीळ कुठे शिकलात? म्हणाले, "शिकायची कशाला? ताई अशीच जेवायला हाक मारायची." मग गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी पुन्हा खिडकीला कान लावला.

तुमच्या आनंदावर विरजण पडेल म्हणून मी गप्प बसणार होते. पण तुम्ही म्हणे पक्षिमित्र मंडळाला कळवलंत. ती मंडळी दुर्बिणी घेऊन न्हाणीघरासमोर ठाण मांडून बसली, तर यांनी दाढी करायची कुठे?

तुमची भावजय

ता. क. एवढं सोडलं तर पक्षी खरंच पुष्कळ आले आहेत. नावं मला विचारू नका, दोन दिवसांत जातीलही.

ता. क. आणखी एक. परसाच्या बाजूची खोली मी रिकामी केली आहे. न्हाणीघरात यांनी भिंतीला धरायचा दांडा ठोकलाय. "माझ्याच म्हातारपणाची सोय," म्हणतात, पण ठोकलाय इतका खाली की त्यांना धरायला वाकावं लागतं. तुमच्या मात्र बरोबर हाताशी येईल. तुम्ही म्हणता, कुणावर ओझं नको. ते म्हणतात, तिच्या मनात नसेल तर गळ कशाला घालायची. एकाच आईची दोघं! मी परक्या घरून आलेली, मला कसली भीड? येता का कायमच्या? नाही म्हणायचं असेल तर ते तुमच्या भावाला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.