पायाने दळलेली कॉफी

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

मनगटाचं प्लास्टर निघालं. आत जे सापडलं ते माझंच मनगट आहे असं डॉक्टर म्हणतात, मला मात्र ते कुणाकडून तरी उसनं आणल्यासारखं वाटतं. बोटं हलतात, कप उचलता येतो. पण गोल फिरवायचं काही आलं, बरणीचं झाकण म्हण, नळ म्हण, की हात तिथल्या तिथे संप पुकारतो. डावा हात बिचारा मदतीला धावतो, पण त्याला जन्मात कधी कामाची सवय नाही.

आता मुख्य बातमी. आमचे चिरंजीव साहेब, म्हणजे तुझा दादा, रविवारी येऊन गेले. मी बाथरूममध्ये घसरून पडल्यापासून त्याने एकच धोशा लावलाय. आईने एकटीने राहायचं नाही, हे घर विकायचं आणि त्याच्याकडे जायचं. या वेळी तर घराला गिऱ्हाईक शोधणाऱ्या दलालाशी बोलूनच आला होता. माझं डोकं फिरलं. या दोन खोल्या मी शिलाई करून उभ्या केल्यात, आणि त्या विकायचं हा बाहेरच्या माणसाशी बोलतो! मी त्याला विचारलं, की मला काय जमत नाही ते एक तरी दाखव. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि ती थांबली कॉफीच्या दळणीवर. त्यानेच हौसेने आणलेली, टेबलाच्या कडेला आवळून बसवायची, बाजूला फिरवायचा दांडा असलेली लोखंडी दळणी. तो म्हणाला, तू स्वतः ताज्या बिया दळून, कडक कॉफी गाळून, वर दाट फेसाचं दूध घालून, भरलेला कप सज्जात आणून दिलास, आणि कुणाची मदत घेतली नाहीस, तर घर विकायचं नाव काढणार नाही.

मी हो म्हणून बसले. हरले तर स्वतःच्या हाताने सामान बांधीन, असंही वर बोलले. प्लास्टर हाताला होतं, जिभेला नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो येणार आहे.

तू दिवसभर कॉफीच्या दुकानात उभी असतेस. मी आयुष्यभर कपात पूड टाकून उकळतं दूध ओतणारी बाई. मला शिकव. फोनवर नको, फोन ठेवला की निम्मं डोक्यातून जातं आणि उरलेल्या निम्म्यावर आपण भांडतो. सगळं लिहून पाठव.

तुझी,
आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग कॅलेंडर काढून दिवस मोजले. आत्या, पैज लावायच्या आधी निदान विचारायचंस तरी! दादा आमच्या दुकानात येतो तेव्हा दुधावरच्या फेसात बुडबुडे दिसले तर कप परत पाठवतो. गिऱ्हाईक म्हणून तो अत्यंत छळवादी आहे, भाऊ म्हणून चालवून घेते.

तर ऐक. बिया ऐन वेळी दळायच्या. दळलेल्या कॉफीचा वास तासाभरात खिडकीतून निघून जातो आणि डब्यात नुसतं नाव उरतं. दळण बारीक रव्याइतकं हवं आणि सगळे कण सारखे हवेत. फार बारीक केलंस तर कडू जहर, जाड ठेवलंस तर आंबट पाणी. पाणी उकळलं की गॅस बंद करून जरा थांबायचं आणि मग बारीक धारेने ओतायचं. आधी थोडंसं ओतून पूड फुगू द्यायची, मग उरलेलं. गाळायला कापडी पिशवी उत्तम, आणि ती तुला बाजारातून आणायची गरज नाही हे मी सांगायला नको.

दूध उकळायचं नाही. परत लिहिते, उकळायचं नाही. पातेल्याला बोट लावून धरवेनासं झालं की उतरवायचं. फेसासाठी दांड्याची उभी किटली आहे ना तुझ्याकडे, वरून दट्ट्या दाबायची? त्यात दूध घालून दट्ट्या वरखाली करायचा. त्याला मनगट लागत नाही, डावा हात पुरतो.

राहता राहिली दळणी. विजेवर चालणारी एखादी विकत घेऊ या का? मी पाठवते. काळजी वाटते म्हणून विचारते, रागावू नकोस. उत्तर लवकर धाड आणि मायेचा हात तसाच डोक्यावर ठेव, प्लास्टरविना.

तुझी,
भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

विजेची दळणी पाठवलीस तर तशीच परत येईल. साहेबांनी त्यांची दळणी दाखवली आहे, मी त्यांचीच चालवून दाखवणार.

तुझी आत्या तीन आघाड्यांवर सपशेल आपटली आहे, त्याचा वृत्तांत ऐक. शेजारणीच्या मिक्सरमधून सरावापुरत्या बिया काढून आणल्या. निम्म्याचं पीठ, निम्म्याची खडी. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही कसं लागू शकतं, ते मी स्वतः पिऊन पाहिलं.

मग पिशवी. शिवणात कोण मला हरवणार, या तोऱ्यात मी डाव्या हाताने टाके घालत पिशवी शिवली. कापड कुठलं, तर कोऱ्या पांढऱ्या ताग्यातलं. कॉफी गाळली, रंग सुरेख, आणि घोट घेतला तर खळ! कोऱ्या कापडाला खळ असते हे मी शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना शिकवत आले, कापायच्या आधी धुऊन घ्यायला लावत आले, आणि स्वतः मात्र शिवण सुंदर दिसावी म्हणून कडक कापड तसंच घेतलं. शेजारीण म्हणाली की कॉफीला इस्त्री केल्यासारखी चव आहे. तिला मी उरलेला कप पूर्ण प्यायला लावला.

तिसरी आघाडी दुधाची. बोट लावून बघायचं म्हणालीस. अगं, शिवणाऱ्या बाईच्या बोटाला सुई टोचलेली कळत नाही तिथे पातेलं काय कळणार? दोनदा उतू गेलं. आता कोपर लावून बघते. कोपराला अजून लाज शिल्लक आहे.

पिशवी उकळत्या पाण्यातून काढली, चव गेली. दूध जमायला लागलंय. पण दळणी जिंकते आहे. दांडा धरला की मनगटात कळ येते आणि अर्ध्या फेऱ्यात हात सुटतो. डाव्याने फिरवायला गेले तर दळणी टेबलासकट फिरते. खरं सांगते, काल दांडा धरून मी रडले. खूप वर्षांनी रडले, आणि तेही कॉफीपायी. घर जायची भीती वाटते गं. त्याच्या घरात मला काही कमी पडणार नाही, सून जीव लावते, पण तिथे मी पाहुणी असेन आणि पाहुणीला कुणी सुई हातात देत नाही.

हे दादाला कळवायचं नाही.

तुझी,
आत्या


३० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी दुकानात डोळे पुसत होते आणि मालक विचारत होता की कांदा कुणी चिरला. दादाला अवाक्षर बोलले नाही. उलट त्यानेच परवा फोन केला. दलालाने एक जोडपं आणलंय, त्यांना घर आवडलंय आणि ते एप्रिलनंतर थांबायला तयार नाहीत. म्हणजे त्या रविवारनंतर दुसरी संधी नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

रडणं पुरे. आमच्याकडची मोठी दळणी आम्ही कुणी हाताने फिरवत नाही, मोटार फिरवते. दळणीला कोण फिरवतं याचं काही सोयरसुतक नसतं, ती फिरली म्हणजे झालं. तुझ्या घरात हात सोडून फिरणारं, फिरवणारं काय आहे ते बघ. आणि जे काही करशील ते सावकाश फिरू दे. भरभर दळलं की पूड तापते आणि करपल्याचा वास येतो.

जिंकायचंय आपल्याला. कोपराला माझा विशेष नमस्कार.

तुझी,
भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

सापडलं!

तुझं पत्र मी पायमशीनवर बसून वाचत होते. पडल्यापासून त्या मशीनला मी हात लावला नव्हता, नुसती बसायची जागा झाली होती. वाचता वाचता सवयीने पाय हलायला लागले आणि खालचं मोठं चाक घूं घूं करत फिरायला लागलं. मी पत्र खाली ठेवलं आणि चाकाकडे बघत बसले. चाळीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, त्याची मला आठवण करून द्यायला तू लागावीस!

खालच्या मजल्यावरच्या सुतारकाकांना हाक मारली. मदत घ्यायची नाही ती कॉफी करताना, अवजार करताना नाही, असा मी नियम लावलाय आणि तो साहेबांना मान्य करावा लागेल. काकांनी दळणीचा दांडा काढला आणि तिथे खाचेचं लाकडी चाक बसवलं. दळणी मशीनच्या फळीला आवळली. खालच्या मोठ्या चाकावरून शिवणयंत्राला जाणारी चामड्याची वादी उतरवून या नव्या चाकावर चढवली. काका म्हणाले, चला बाई, शिवा कॉफी.

पहिल्यांदा बिया उडाल्या. चाक लहान होतं, दळणी वेड्यासारखी फिरली आणि तू म्हणाली होतीस तो करपट वास आला. काकांनी दुसरं चाक केलं, चांगलं ताटलीएवढं. मग मी गळ्याची पट्टी शिवताना जसा पाय चालवते तसा चालवला, दमादमाने. एकदा पाय उलटा पडला आणि दळणीने पूड द्यायची थांबवली. सुलटा पाय पडल्यावर खालच्या वाटीत जी पूड पडायला लागली, भिंगरी, एकसारखी! बोटांना नाही कळली पण डोळ्यांना कळली. घरभर वास सुटला. वरची भाडेकरीण विचारायला आली. सुतारकाका दोन कप प्यायले आणि आता रोज चाकाला तेल घालायचं निमित्त काढून येतात.

येऊ देत साहेबांना.

तुझी,
आत्या


२९ एप्रिल

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

तू यात सामील आहेस हे मला काल कळलं. घरभेदी कुठली.

मी रिकामी खोकी घेऊन गेलो होतो. हो, सामान बांधायला. खोकी जिन्यातच ठेवली, आईला दिसू नयेत म्हणून. तिने दार उघडलं, माझ्या मागे वाकून खोकी बघितली आणि मला सज्जात बसवलं. आत यायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही, अशी ताकीद. मी दारातून बघत होतो. मला वाटलं होतं ती दांड्याशी झटापट करेल, मी उठेन आणि तिच्या हातातून तो अलगद काढून घेईन. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

ती मशीनवर जाऊन बसली. मला कळेना. मग पाय सुरू झाले. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचो गं. तो आवाज, आणि त्याच्यातून येणारा कॉफीचा वास. मान ताठ, नजर वाटीवर, दुखरा हात मांडीवर राणीसारखा ठेवलेला. मग तिने पाणी ओतलं, बारीक, जराही न सांडता. दुधाच्या पातेल्याला कोपर लावलं. दट्ट्या वरखाली केला. कप दोन्ही हातांत धरून सज्जापर्यंत चालत आली. फेस हलला, सांडला नाही.

तुला खरं सांगतो, तुझ्या दुकानात मिळते त्याहून चांगली होती. बुडबुडा एक नाही. रागावू नकोस.

कप संपायच्या आत तिने मला दलालाला फोन करायला लावला, आणि फोनचा आवाज मोठा करून मी खरंच नाही म्हणतोय का, हे स्वतः ऐकलं. मग म्हणाली, दुसरा कप हवा असेल तर पहिला धुऊन आण. मी धुतला. दुसरा प्यायलो. येताना खोकी माझ्याच डोक्यावर देऊन खाली उतरवली, आणि शेजारपाजारचे गॅलरीतून बघत होते.

तुझा,
दादा


३ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

साहेबांनी तुला सगळं कळवलं असेल, पण एक गोष्ट तो लिहिणार नाही म्हणून मी लिहिते.

दुसऱ्या कपानंतर तो रिकामा कप हातात फिरवत बसला. मी विचारलं, हरल्याचा राग आला का. तो म्हणाला, राग नाही, पण तू हरशील अशी मला आशा होती. इस्पितळातून फोन आला त्या दिवसापासून त्याला नीट झोप नाही. रात्री फोन वाजला की उठून बसतो. मी त्याच्या घरात असले तर त्याला झोप लागेल, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि मी इतके दिवस समजत होते की त्याला माझी अडचण वाटते. पाठीवरून हात फिरवला त्याच्या, तोच दुखरा हात, आणि सांगितलं, की बाबा, झोप तुझी आहे आणि घर माझं आहे, आणि मी दोन्ही सांभाळणार आहे. आता रोज सकाळी पहिला कप झाला की मी त्याला फोन करते. बाथरूमला धरायची दांडीही लावून घेतली, त्याने न सांगता.

काल मशीनची वादी पुन्हा शिवणयंत्रावर चढवली. कापड डाव्या हाताने सरकवलं, उजव्याने नुसतं धरलं. वीतभर शिवण झाली. आज हातभर झाली. दुपारी ओळखीची एक बाई उसवलेला झगा घेऊन आली होती, मी ठेवून घेतला आणि पुढच्या शुक्रवारी या म्हणून सांगितलं.

सुटी काढून ये. तुला मी माझ्या घरात बसवून कॉफी देते. चुका काढायच्या असतील तर काढ, ऐकून घेणार नाही. आहे तशीच माया कर.

तुझी,
आत्या