चार रिकामे लॅपटॉप

२ नोव्हेंबर, रविवार

वाचनालयाची मीटिंग. रिबेकाबाई बेने इस्रायली, त्यांना शनिवार पाळायचा असतो, म्हणून आमची मीटिंग कायम रविवारची. त्या अध्यक्ष, मी सेक्रेटरी, बाकीचे चहाला.

चार लॅपटॉप घ्यायचं एकदाचं ठरलं. मी म्हटलं, घ्यायचे तर रिकामे घ्या. कंपनीची सिस्टीम आधीच आत भरून देतात, तिची किंमत आपल्याला न विचारता बिलात असते. आपल्याला हवंय काय, तर मराठी वाचायला-लिहायला. लिनक्स नावाची सिस्टीम फुकट मिळते, हक्काची, आणि मराठीतूनही चालते. आपली आपण टाकू. एकाने विचारलं, आत काही नाही असं मशीन विकतं कोण? विकतात म्हटलं, दुकानदार त्याला डॉसवाला म्हणतात. बायकोमाणूस एवढं बोलतेय म्हटल्यावर ठराव लगेच पास.

निघताना रि.बाईंनी बरोब्बर पकडलं. "टाकणार कोण गो? तुझा नवरा?" नुसती हसले. घरी यायला भीती वाटत होती खरी.

३ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांना विचारलं. चार मशीन येतायत, तुम्ही उघडून बघा, सिस्टीम टाका, रजिस्टरवर सही करा. पेपर खाली न घेता उत्तर. "सही मी करणार नाही." संपला विषय.

अठरा वर्षं झाली त्या सहीला. घरात बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. हे रोह्याच्या शाळेत मास्तर, कॉम्प्युटर लॅबही ह्यांच्याकडे. तिथे दहा कॉम्प्युटर आले होते, पेणच्या गजाभाऊंच्या दुकानातून. गजाभाऊ म्हणजे ह्यांचे जिवलग. दोस्ताचा माल, म्हणून खोकी न उघडताच 'तपासून घेतले' लिहून सही ठोकली. आत सिस्टीम दिसली तेव्हाही, दोस्ताने रीतसरच घातली असेल असं धरून चालले. वर्षाने पाहणीला माणसं आली. दहाही मशीनमध्ये कंपनीच्या सिस्टीमची चोरीची कॉपी, दहांवर एकच लायसन्स नंबर. शाळेने प्रकरण आतल्या आत दाबलं, पण लॅबची किल्ली ह्यांच्याकडून काढून घेतली. पोरं मागून 'चोर मास्तर' म्हणायची. रिटायर होईपर्यंत हे भूगोल शिकवत राहिले. घरच्या लॅपटॉपवर स्वतः लिनक्स टाकली, मलाही शिकवली. दुसऱ्याच्या मशीनला मात्र तेव्हापासून हात नाही. गजाभाऊंचं नाव शाळेत घेतलं नाही, त्यांना जाब विचारला नाही, भेटणंच बंद केलं.

मला एवढंच हवंय. ह्यांनी चारचौघांत चार मशीन उघडावीत, बघावीत आणि सही करावी. माझंही वय साठ झालं, अजून किती वाट बघू?

५ नोव्हेंबर, बुधवार

रोह्यातली तीन दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला, डॉसवाला कुणी घेत नाही, ठेवत नाही. दुसऱ्याने भरलेलाच पुढे केला, वर म्हणतो पुसून टाका ना. अरे पण पैसे कशाला भरू त्याचे? तिसरा मला "आजी" म्हणाला. तिथून लगेच उठले.

ऑनलाइन घ्यायचं तर समितीचा नियम आडवा. जिल्ह्यातल्या दुकानाचं बिल हवं, बिघडलं तर माणूस यायला हवा. डॉसवाले मागवून देणारा एकच, असं तिन्ही दुकानांत सांगितलं. पेणचे गजाभाऊ.

घ्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पेणला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, पेणच्या मावशीला बघून येते. मावशीकडे गेलेही पाच मिनिटं, म्हणजे अगदीच खोटं नाही.

गजाभाऊ पिकलेत. धरमतरकडचा माणूस, मिठागरात वाढलेला, बोलणं अजून तसंच. "वहिनी! मास्तर कसं हायत?" असं मोकळेपणाने विचारलं. मला वाटलं होतं निदान नजर तरी चुकवतील. कसला निर्लज्ज माणूस म्हटलं मनात. ऑर्डर लिहून दिली, कागदावर मोठ्या अक्षरांत 'रिकामे', खाली दोन रेघा. कागद वाचून हसले.

निघताना पोह्याच्या पापडांचा स्टीलचा डबा हातात कोंबला, मास्तरांना म्हणून. नको म्हटलं तर ऐकतील तर ना. घरी पापड मावशीचे म्हणून तळले. ह्यांनी चार खाल्ले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खोकी आली. गजाभाऊंचा टेम्पोवाला ठेवून गेला, वर पेढ्यांचा पुडा. रि.बाई नसल्यामुळे उघडली नाहीत.

ह्यांच्यामागे आठवडाभर भुणभुण लावली आहे. आज म्हणाले, "बघायला येईन. सहीचं बोलू नकोस." मी आत जाऊन देवाला हात जोडले. दुकान कुठलं ते विचारलं नाही ह्यांनी, मीही सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाईट झालं.

हे आले. रि.बाईंनी रजिस्टर पुढे केलं तर म्हणाले, "आधी उघडू द्या." मला इतकं बरं वाटलं. टेप कापली, पहिला लॅपटॉप बाहेर काढला, चालू केला. रिकाम्या मशीनवर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं दिसायला हवीत. इथे छान निळं चित्र, घड्या घातलेल्या कापडाचं फूल, खाली कंपनीची सगळी बटणं ओळीने. दुसरा उघडला, तेच फूल. तिसरा, चौथा, तेच. ह्यांनी आत जाऊन काहीतरी शोधलं, आकडे वाचले. चारही मशीनवर एकच लायसन्स नंबर.

मग बिल उचललं. वरचं नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं.

लॅपटॉप एकेक करून नीट मिटले, चपला घातल्या, घरी गेले. रि.बाईंनी विचारलं काय झालं. सांगितलं सगळं, अठरा वर्षांपासूनचं. त्या म्हणाल्या, चोरीचं वाचनालयात ठेवायचं नाही, आणि तुझ्या नवऱ्यालाही असं अंधारात ठेवू नकोस.

हे जेवले, ताट उचललं, झोपायला गेले. चूक माझी. सांगून न्यायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेण. ह्या वेळी ह्यांना सांगून गेले. नुसतं "हं".

बसमध्ये दोन तास वाक्यं जुळवत होते, एकही वापरायला मिळालं नाही. दुकानात उभ्या उभ्याच विचारलं, रिकामे लिहिलं होतं ना मोठ्या अक्षरांत? दोन रेघा मारल्या होत्या ना? गजाभाऊ लाजले. चक्क लाजले! म्हणाले, "वहिनी, तुमी भिडंनं रिकामे मागितले, वाचनालयाला खर्च नको म्हनून. मला काय कळत नाय? आमच्यात कुनाचं भांडं रिकामं परत देत नाय, चिमूटभर साखर तरी घालतो. मशीन कसं रिकामं देऊ? भरून दिलं. त्याचा पैसा नाय लावला."

मी बाकड्यावर बसले. विचारलं, आणि शाळेचे दहा?

"ते पन तसेच. मास्तरांची शाळा. रिकामी मागवली व्हती त्यांनी, साहेबांनी पैसा कमी दिला म्हनून. मी म्हटलं, दोस्ताला रिकामं देऊ काय?"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला लबाड समजत आले. पैशासाठी दोस्ताला फसवलं, असं रोज मनात म्हणत आले. आणि ह्याने साखर घातली होती. हसावं की दोन ठेवून द्याव्यात, कळेना. मग पाहणीचं सांगितलं, किल्लीचं, पोरांच्या हाकेचं. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांचा समज, मास्तर मोठे झाले, दुकानात यायची लाज वाटते. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानेच नंतर ये म्हणाले. मला स्टँडपर्यंत सोडायला आले.

राग गेलेला नाही माझा. चांगुलपणाने केलं म्हणून अठरा वर्षं परत येत नाहीत. घरी ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि उठून कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. सकाळी मी घातलेलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सावकाश लिहिते, नाहीतर राहून जाईल.

गजाभाऊ दहाला वाचनालयात हजर. न बोलावता. आल्या आल्या समितीसमोर उभे राहून सांगून टाकलं, शाळेचे दहा आणि हे चार मीच भरले होते, मास्तरांना ठाऊक नव्हतं. रि.बाई म्हणाल्या, मग करा रिकामे. बसले आणि चारही पुसले. तासाभरात चार काळे पडदे, वर पांढरी एक ओळ. असला पडदा बघून कुणाला आनंद झालेला मी तरी पाहिला नाही, मला झाला. ह्यांना फोन केला. "रिकामे आहेत. मी स्वतः बघितले. गजाभाऊ इथे आहेत."

फोन ठेवला ह्यांनी. मला वाटलं, गेलं. वीस मिनिटांनी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन ड्राइव्ह.

गजाभाऊ उठून उभे राहिले. सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, माझं नाव का नाय सांगितलं?"

"सही माझी होती," हे म्हणाले.

एवढंच. मग खुर्ची ओढून बसले. दुपारी दोनपर्यंत चारही मशीनवर लिनक्स, मराठी कीबोर्डसकट. गजाभाऊ वायरी धरून बाजूला उभे, मागितलं की चार्जर पुढे करायचा, परत मागे. रि.बाईंनी पहिलं वाक्य टाइप केलं, बेने इस्रायलींतही कीर्तनं होतात, त्यांच्या आईच्या कीर्तनातली ओळ, दोन चुका झाल्या, त्यांनीच दुरुस्त केल्या.

मग हे रजिस्टरजवळ गेले. प्रत्येक मशीनचा नंबर खोक्यावरचा, मशीनखालचा, दोन्ही ताडून लिहिला. 'उघडून, चालवून, तपासून घेतले.' चार ओळी, चार सह्या. शेवटची करून पेनाचं टोपण लावलं. मी खिडकीकडे बघत राहिले, कारण रडू येत होतं आणि समितीसमोर ते नको होतं.

गजाभाऊ चहा न घेता निघाले. दारातून म्हणाले, "येतो, मास्तर." ह्यांनी मान वर केली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हे रोज पाचला वाचनालयात जातात. शिकवतो म्हणत नाहीत, "बसून येतो" म्हणतात. काल सहा बायका होत्या.

गजाभाऊंचं नाव मी एकदा काढून बघितलं. "बघू," म्हणाले. ह्यांच्या 'बघू'वर संसार काढला मी, पण हा कुठला 'बघू' ते कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पापडांचा डबा इतके दिवस फडताळात मागे लपवला होता. आज काढला, घासला. मंगळवारी बिलाच्या कामाला पेणला जायचंय, देऊन येईन म्हणून वाल भरून ओट्यावर ठेवला. तेवढ्यात हे पाणी प्यायला आले.

"हा मावशीचा नव्हे," म्हणाले.

नाही म्हटलं.

झाकण उघडून बघितलं. वालात हात घातला, एक खडा निघाला, तो काढून टाकला, झाकण घट्ट लावलं. मी म्हटलं, मंगळवारी देते नेऊन. म्हणाले, राहू दे.

आता राहू दे म्हणजे काय, ते विचारायच्या आधी बाहेर गेले. डबा ओट्यावरून उचलून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला दिसला, मी नव्हता ठेवला. जेवताना भातावर ताक घेत घेत विचारलं, "पेणची पहिली गाडी अजून साडेसातलाच असते का गं?"

मी म्हटलं, स्टँडवर विचारून सांगते.