माझी नॉर्मल नस

४ जानेवारी
नवं सोनोग्राफी मशीन आलं. पोटं तपासणं बंद. यापुढे मान ते मनगट, फक्त नसा (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतू). दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलाय. (दीड दिवस. जेवणानंतर डोळा लागला.)
सरावाला कोणी मिळेना, म्हणून स्वतःच्याच मानेला जेल फासलं. उजवीकडे, डावीकडे वायर पोचत नाही. काय नस दिसली! जाड, काळीभोर, ठसठशीत. फोटो 'नॉर्मल' म्हणून सेव्ह केला. आता प्रत्येकाची नस हिच्याशी ताडून बघायची.

१९ जानेवारी
पलीकडच्या गल्लीतली टेलरबाई आली. बोटांना मुंग्या, कात्री धरवत नाही म्हणे. नस माझ्याहून बारीकच. नॉर्मल! बाई उलट हिरमुसली. लोकांना आजार नाही म्हटलेलं आवडत नाही.

७ फेब्रुवारी
कप निसटला. हल्ली कपांचे कान फार लहान करतात.

२ मार्च
शर्टाची बटणं बायको लावून देते. नवीन काजं घट्ट असतात. ती म्हणाली, शर्ट जुनाच आहे, हात दाखवा कुणाला तरी. नसांचा तज्ज्ञ मी, दाखवू कुणाला? तरी तिच्या समाधानासाठी मान तपासली आणि सेव्ह केलेल्या फोटोशी ताडली. तंतोतंत! जीव भांड्यात पडला.

२८ मार्च
टेलरबाई परत. दुकान बंद ठेवलंय. परत तपासलं, परत नॉर्मल. मनाला लावून घेऊ नका म्हटलं, तर रडायलाच लागली. प्रोब दोनदा हातातून पडला. जेल फार बुळबुळीत आहे, बदलायचं.

११ एप्रिल
कॉलेजातली मैत्रीण मशीन बघायला आली. नसांची मोठी डॉक्टर. ऐटीत 'नॉर्मल' उघडून दाखवली. ती म्हणाली, हा पेशंट कुठाय? नस दुप्पट सुजलीय. तेव्हाच औषध सुरू केलं असतंस तर हात वाचला असता, आता गेलेली ताकद यायची नाही. फोन कर त्याला. म्हटलं, तो कुणाचं ऐकत नाही.
निघताना तिने हात पुढे केला. मी मान हलवून भागवलं.

१२ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय, त्याचीही पकड सुटतेय. भीती वाटतेय.
टेलरबाईला ताबडतोब बोलवायला हवं, निदान तिचा तरी हात वाचेल. फोन तिच्या मुलीने घेतला. म्हणाली, आईला आता फोन धरवत नाही, मी तिच्या कानाला लावते.
माझ्या कानाला बायकोने लावला होता.