साहेबांना भरीत वाढल्याची हकिकत

चि. ज्योतीस अक्काचे आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी अंगण सारवलं, म्हशीला पेंड घातली आणि शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडायला बसले, तोच निरोप आला की शाळा तपासायला साहेब येताहेत. पण आधी तुझी चौकशी करते. तू बरी असशीलच. दीपकरावही बरे असतील (सांभाळ त्यांना, नवरा असतो तेव्हा बाईला तो दिसत नाही). आणि तुमच्या सावद्याकडच्या शाळेच्या दोन नव्या खोल्याही बऱ्या असतील. तू पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. रंग जरा भडक आहे.

तुझे दाजी शाळेच्या समितीवर होते. चौथीच्या वर्गाच्या भिंतीसाठी अर्ज करत करतच गेले. त्या भिंतीला हात जाईल एवढी भेग आहे आणि तिच्याखाली माझी नात भूमिका बसते. यंदाच्या बजेटात पडक्या शाळांसाठी पैसा ठेवलाय, हे मी डाळीच्या पुड्याच्या कागदावर वाचलं (खिचडी ढवळता ढवळता फळ्यावरून वाचायला शिकलेली बाई मी, कोटींचे आकडे आले की खिचडी करपते). साहेबांना फक्त ती भेग दाखवायची होती.

पण गावात वयानं सगळ्यांत मोठे तोतारामआबा ओट्यावरून म्हणाले, "पाव्हनाले पडेल भित दखाडतस का?" झालं. पाहुण्याला पडकी भिंत दाखवायची नाही म्हणून गाव कामाला लागलं. बायकांनी व्हरांडा सारवला, रांगोळी काढली, मांडववाल्या स्वप्नीलनं लग्नाची झालर आणून लावली. आणि भेगेवर मी आमच्या घरातली सतरंजी टांगली. दाजी बसायचे ती. ते गेल्यापासून मी ती कुणाला बसायला दिली नव्हती. मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. साहेबांनी तीनदा भरीत मागून घेतलं, त्याच सतरंजीला पाठ टेकून ढेकर दिली आणि म्हणाले, "बाई, इतकी सुस्थितीतली शाळा मी अजून पाहिली नाही." आम्ही सगळ्या लाजलो. कागदावरही ते तसंच लिहून गेले.

आणि तुमच्याकडे? आलेल्या साहेबांना तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाही. गळक्या खोलीत बसवलं, वरून पोपडा त्यांच्या टकलावर पडला, आणि खोल्या मंजूर. लहानपणी आई म्हणायची, ज्योतीला पाहुणचार काही जमणार नाही. त्याच गुणावर तू दोन खोल्या मिळवल्यास, आणि मी भरीत करून भेग राखली. मी जळत नाही हो. जळणारी बाई पत्र लिहीत नाही.

सतरंजी अजून भिंतीवरच आहे. रोज खिचडी वाढताना तिच्याकडे पाहते, आणि हे अजून समितीच्या बैठकीतच बसलेत असं वाटतं.

तुझी
अक्का

ता. क. आम्ही सह्यांचा अर्ज केला, म्हणून पुढच्या सोमवारी साहेब फेरतपासणीला येताहेत. तू रविवारीच ये. आबांनी आत्ताच वांग्यांची चौकशी केली, आणि मला स्वतःचाच भरवसा नाही. पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं, ते आपल्या घरात तुला एकटीलाच येतं.

ता. क. पत्र काल लिहिलं, टाकायचं राहिलं. आज सकाळी शाळेत गेले आणि सतरंजी काढून घरी आणली.